तुम्ही विचारलंत म्हणून: नागपूरची कुत्री सोडून स्पेनला का?

"आपल्याकडे गल्लोगल्ली कुत्री पडली आहेत, ती सोडून तुम्ही स्पेनला कशाला जाता?" हा प्रश्न मला क्लिनिकमध्ये गुडघा शेकत बसलेल्या पेशंटनी विचारला आहे, लग्नात शेजारी जेवायला बसलेल्या अनोळखी बाईंनी विचारला आहे आणि माझे दीर तर दर दिवाळीला विचारतात. आई फोनवर विचारते, "तिथं जाऊन लोकांचे कुत्रे काऊन धुऊन राहिली बाई तू?" काहींना खरंच जाणून घ्यायचं असतं. बऱ्याच जणांनी मात्र उत्तर आधीच ठरवलेलं असतं: परदेशाची हौस. आजवर मी विषय बदलत आले. आता एकदाच सगळं लिहिते, म्हणजे पुढे कोणी विचारलं तर हेच वाचायला देता येईल.

आधी हौसेचं. स्पेनमधलं सेविया शहर मी विमानतळावरून जाताना गाडीच्या काचेतून पाहिलं आहे, तेवढंच. मी काम करते ते शेल्टर तिथून बरंच आत, ऑलिव्हच्या बागांमध्ये आहे. शिकाऱ्यांना नकोसे झालेले गाल्गो तिथे येतात, म्हणजे सशाच्या शिकारीसाठी पाळलेली स्पेनची सडपातळ कुत्री. फेब्रुवारीत तिथे सकाळी बोटं वळत नाहीत आणि उजाडलं की हातात फावडं येतं. घाण काढायची, पाणी मारायचं, ओल्या गाद्या उन्हात टाकायच्या, गोळ्या द्यायच्या आणि मग एकेकाला फिरवायला न्यायचं. गाल्गोचं डोकं मानेपेक्षा अरुंद असतं, त्यामुळे साधा पट्टा डोक्यावरून सरळ निघून येतो. म्हणून गळ्यात ओढलं की आवळणारा रुंद पट्टा, छातीला वेगळा हार्नेस, आणि दोघांच्या दोन दोऱ्या दोन हातांत. ताशी साठ किलोमीटरने पळणारं जनावर एकदा सुटलं की माणसाच्या हाती लागत नाही.

मी फिजिओथेरपिस्ट, म्हणून मोडून वाकडी जुळलेली हाडं माझ्याकडे येतात. सशामागे पळताना पाय मोडला, कोणी प्लास्टर घातलं नाही, हाड जसं जुळायचं तसं जुळलं. त्या पायावर वजन टाकायला शिकवायला आठवडे लागतात. दुसरी शिकवणी घराची. ही कुत्री अंधाऱ्या कोठारात वाढलेली असतात, त्यांना जिना माहीत नसतो. पहिल्या पायरीपाशी थरथरत उभी राहतात. काचेच्या दारावर आपटतात, मिक्सर सुरू झाला की टेबलाखाली जातात. जिथे जायचं त्या घरात मांजर असेल तर ससा आणि मांजर यांतला फरक यांना कळतो का, तेही आधी पाहावं लागतं. मग रेबीजची लस, त्यानंतर एकवीस दिवसांची थांबणूक, युरोपचा निळा पासपोर्ट, आणि व्हॅनमधून जर्मनी, बेल्जियम, नेदरलँड्स. यात मला कुठे हौस दिसत नाही. आनंद आहे, तो मी नाकारत नाही.

आता तुमचा खरा प्रश्न. आमच्या प्रतापनगरच्या गल्लीतला काळू बेघर आहे असं मला वाटत नाही. त्याला त्याची हद्द आहे, कोणत्या घरातून पोळी येते आणि कोणत्या घरातून काठी, हे त्याला पक्कं ठाऊक आहे. 2023 च्या नियमांप्रमाणे अशा कुत्र्याला पकडायचं, नसबंदी करायची, रेबीजची लस द्यायची, खुणेसाठी कानाला छेद द्यायचा आणि जिथून उचललं तिथेच परत सोडायचं. इथल्या कामाचा गाभा हा आहे. गाल्गोला परत सोडायला जागाच नसते. तो कोणाचा तरी होता. ऑक्टोबरच्या मध्यापासून जानेवारीच्या शेवटापर्यंत शिकारीचा हंगाम, तसे दोन-तीन हंगाम झाले की तो नकोसा होतो आणि तेव्हा त्याचं अजून दहा वर्षांचं आयुष्य शिल्लक असतं. त्याला घरच लागतं. ही दोन कामं वेगळी आहेत. एकासाठी दुसरं सोडलं, असा तुमचा समज आहे. मी इथलं काम करत नाही, हे तुम्हाला सांगितलं कोणी?

आमच्या गल्लीतल्या कुत्र्या ऑटोत घालून नसबंदीला नेणारी मीच आहे. ऑटोवाले दुप्पट पैसे मागतात, रास्तही आहे. आणि 2022 चा ऑक्टोबर मी विसरणार नाही. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने सांगितलं की ज्यांना मोकाट कुत्र्यांना खाऊ घालायचं आहे त्यांनी ती रीतसर दत्तक घ्यावीत आणि आपल्या घरात खाऊ घालावं. दोन दिवसांत त्या बातमीचं कात्रण आमच्या लिफ्टमध्ये चिकटलं. माझ्या दारासमोरचं पाण्याचं मातीचं भांडं कोणीतरी फोडलं. नोव्हेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली, ते कात्रण मात्र कोणी लावलं नाही. ज्या काकूंशी वीस वर्षं हळदीकुंकवाचं येणंजाणं होतं, त्या आजही माझ्याशी बोलत नाहीत.

तेव्हा हेही सांगून टाकते. स्पेनमध्ये मी कोणाची सून नाही, कोणाची शेजारीण नाही. तिथे कुत्र्याला पाणी पाजलं म्हणून कोणी माझ्या नवऱ्याला जिन्यात गाठत नाही. तिथलं काम पुरं होतं: कुत्रा व्हॅनमध्ये चढतो, महिन्याने त्याचा सोफ्यावर पसरलेला फोटो येतो. नागपुरात एका कुत्रीची नसबंदी करून आणावी तर कोपऱ्यावर दुसरी गाभण दिसते. मला पुरं होणारं काम हवंसं वाटतं. याला तुम्ही पळून जाणं म्हणणार असाल तर मी वाद घालणार नाही, पण मान्यही करणार नाही.

आता तिथे भेटलेल्या एका माणसाबद्दल. मी घरी नवऱ्याशिवाय कोणाला हे सांगितलेलं नाही.

हंगाम नुकताच संपला होता. आमच्या शेल्टरचा एक नियम आहे: कोणी शिकारी आपला कुत्रा द्यायला आला तर दार उघडायचं, चहा-कॉफी विचारायची, कागद पुढे करायचा आणि टोमणा मारायचा नाही. अपमान झालेला माणूस पुन्हा येत नाही आणि पुढच्या वर्षी त्याची कुत्री विहिरीत सापडतात. हा नियम मला पाठ होता. तो माणूस जीपला ट्रेलर जोडून आला. साठीचा असेल. धुतलेला सदरा, भांग पाडलेला. ट्रेलरमधून तीन कुत्री उतरली. एक म्हातारा, दात पडलेले. दुसरा मागच्या पायाने लंगडत होता. तिसरी अंगावर वाघासारखे पट्टे असलेली दोनेक वर्षांची मादी, अंगावर एक ओरखडा नाही. मला वाटलं ही सोबत आली असेल, हिला तो परत नेणार.

संचालिकाबाईंनी विचारलं. तो शांतपणे सांगू लागला आणि त्या मला इंग्रजीत सांगत गेल्या. ससा पळताना वळणं घेतो. कुत्र्याने त्याच्या मागोमाग प्रत्येक वळण घ्यायचं, हीच त्यांच्यातली प्रतिष्ठा, यावरच त्यांच्या स्पर्धा, यावरच राजाच्या नावाचा करंडक. ही मात्र दुसऱ्या हंगामात ससा वळणार कुठे ते ओळखायला लागली. माग सोडून सरळ आडवी जायची आणि पुढे गाठायची. असा कुत्रा खेळ बिघडवतो, मालकाची मान खाली जाते. तिला सशाचं मन कळायला लागलं होतं आणि त्यासाठीच ती आमच्या दारात उभी होती.

मानेतली ओळखीची चिप वाचून झाली, कागद भरायला घेतले. तिच्या दोऱ्या माझ्या हातात होत्या. त्याने मला विचारलं, कुठली? मी म्हटलं, भारत. तो म्हणाला, तुमच्याकडे कुत्री रस्त्यावर राहतात असं ऐकलं आहे, त्यांना कोण बघतं? त्यात खोट नव्हती. नागपुरात जे दहा जणांनी विचारलं तेच हा विचारत होता. मी म्हटलं, आमच्याकडे 1972 च्या कायद्याने रानातल्या जनावरांची शिकार हा गुन्हा आहे. त्याने थोडा विचार केला आणि म्हणाला, मग तुमच्या शिकारी कुत्र्यांचं काय झालं? मला लातूरकडची कारवान, पश्मी आठवली. अजून पाळतात लोक, हौसेने पाळतात. त्यांच्या म्हातारपणाचं काय होतं, ते मी कधी जाऊन पाहिलं नव्हतं. मी गप्प राहिले.

त्याने सही केली. मग खाली बसला, तिचा कान हातात घेतला, कपाळाला कपाळ लावलं, काहीतरी बोलला. ते संचालिकाबाईंनी मला सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. तो उठून चालायला लागला आणि ती त्याच्या मागे निघाली. मी दोन्ही दोऱ्या कंबरेशी घट्ट धरल्या. खडीवर तिची नखं घासत होती. ती भुंकली नाही, घशातून एक बारीक आवाज काढत राहिली. त्याने जीपचं दार उघडलं तेव्हा ती एकदम ताठ उभी राहिली, शेपूट हलवली. दार आपल्यासाठी उघडलं असं तिला वाटलं. तो आत बसला, दार लावलं. इंजिन लगेच सुरू झालं नाही. मी मनात म्हणत होते, जा, जा आता. तेवढ्यातल्या तेवढ्यात मला वाटून गेलं की दोऱ्या सोडून द्याव्यात. मी सोडल्या नाहीत. गाडी गेल्यावर ती दुपारभर फाटकाकडे तोंड करून उभी होती, बसलीसुद्धा नाही.

मी तिथे जाताना राग बरोबर घेऊन जाते. झाडाला टांगलेल्या गाल्गोंचे फोटो मी पाहिले आहेत, मानेतून चिप कापून काढलेल्या कुत्र्यांचं मी माझ्या हातांनी ड्रेसिंग केलं आहे. त्या माणसांवर रागावणं सोपं आहे. हिची नखं नीट कापलेली होती. कान स्वच्छ होते. तिच्यावर कोणीतरी माया केली होती आणि त्याच माणसाने तिला आणून सोडलं. संध्याकाळी संचालिकाबाई म्हणाल्या, त्याने आणून दिली, हे लक्षात घे. मी ते लक्षात घेतलं आहे, रागही तितकाच आहे. तो क्रूर असता तर मला बरं पडलं असतं.

तिच्या रक्तात लेशमेनिया निघाला. आईला फोनवर सांगितलं, बिहारकडे काळा आजार होतो ना, त्याच घराण्यातला. वाळूमाशीतून पसरतो. आपल्याकडे तो माणसाकडून माणसाकडे जातो, तिकडे जंतूंचा साठा कुत्र्यांत असतो. आई घाबरली. तिला चांदीपुरा आठवला. 1965 साली तो विषाणू नागपूरकडच्या चांदीपुरातच पहिल्यांदा सापडला आणि तोही वाळूमाशीचाच. "ते माशी तुला चावली म्हंजे?" या एका प्रश्नावर आमचं भांडण झालं. त्या कुत्रीला रोज गोळ्या सुरू झाल्या, म्हणून घर मिळायला वेळ लागला. शेवटी नेदरलँड्समधल्या एका निवृत्त जोडप्याने नेली. आजार माहीत असून नेली.

पुढच्या वर्षी तो माणूस पुन्हा आला. बरोबर दोन कुत्री होती.

पहिल्यांदा गेले तेव्हाची मी म्हणायची, दार उघडं ठेवणं हेच काम, बाकी जग काय करतं ते जगाने बघावं. त्या बाईशी मी आता रोज भांडते. आम्ही दार उघडं ठेवतो म्हणून त्याचं मन हलकं होतं का? जुनी दिली, नव्या पिल्लांना जागा झाली, असं तर नाही? सप्टेंबर 2023 मध्ये तिथे प्राण्यांच्या कल्याणाचा नवा कायदा लागू झाला, पण शिकारीची कुत्री त्यातून वगळली. दर फेब्रुवारीत शहरांतून मोर्चे निघतात, हंगामही ठरल्या वेळी सुरू होतो. इंग्लंडने 2004 च्या कायद्याने कुत्र्यांकडून सशाची शिकार बंद केली, म्हणजे होऊ शकतं. मग मी पिंजरे धुण्याऐवजी मोर्चात चालावं का? पण परक्या देशाच्या कायद्यात मी कोण बोलणार? आणि मोर्चात चालताना त्या दोन कुत्र्यांसाठी दार कोण उघडणार? जुनी मी म्हणते, बघ, फिरून तिथेच आलीस. मी म्हणते, आले, पण तुझ्याइतकी खात्री घेऊन आले नाही.

आता भाऊजींसाठी. तुमचा हिशेब असा की माझ्या एका तिकिटाच्या पैशात नागपुरात कितीतरी कुत्र्यांची नसबंदी होईल. हिशेब बरोबर आहे. मी तो स्वतः मांडून पाहिला आहे आणि त्याला माझ्याकडे तोडीस तोड उत्तर नाही. तरीही फेब्रुवारीत मी जाणार आहे. त्याआधी मात्र आपल्या कोपऱ्यावरच्या पांढऱ्या कुत्रीचं काम व्हायला हवं, कारण पावसाळा सरला की ती गाभण राहते आणि तिची पिल्लं थंडीत गाड्यांखाली जातात. ती मला एकटीला सापडत नाही. जाळी आहे, ऑटो ठरवलेला आहे, दुसऱ्या टोकाला उभं राहायला माणूस नाही. रविवारी सकाळी सहाला तुम्ही येऊ शकाल का?