बीबीसी बघत नाही, तरी टीव्ही लायसन्स लागतं का?

ब्रिटनमध्ये नव्या घराची किल्ली हातात आली की काही आठवड्यांत दाराच्या फटीतून एक पत्र आत पडतं. त्यावर तुमचं नाव नसतं. 'लीगल ऑक्युपायर', म्हणजे या घरात कायदेशीर राहणारी व्यक्ती, एवढंच लिहिलेलं असतं. या पत्त्यावर टीव्ही लायसन्स नाही, तेव्हा लायसन्स काढा किंवा गरज नसल्याचं कळवा, असा मजकूर असतो. टीव्ही लायसन्स म्हणजे टीव्हीचे कार्यक्रम थेट बघण्यासाठी वर्षाला फी भरून काढायचा परवाना; त्याच फीवर मुख्यतः बीबीसी चालते. भारतातून नुकतेच आलेले लोक एकतर घाबरून त्याच रात्री पैसे भरतात, नाहीतर 'आपण कुठे बीबीसी बघतो' म्हणून पत्र फेकून देतात. घाईने भरलेले पैसे बऱ्याचदा वाया जातात, आणि फेकून दिलेल्या पत्रापायी कधी गुन्हा दाखल होतो.

रक्कम लहान नाही. १ एप्रिल २०२५ ला रंगीत टीव्हीच्या लायसन्सची फी वर्षाला १७४.५० पौंड झाली, म्हणजे सुमारे वीस हजार रुपये. आधी दोन वर्षं फी १५९ पौंडांवर गोठवलेली होती, २०२४ मध्ये ती १६९.५० झाली, आणि आता दर एप्रिलला महागाईप्रमाणे वाढवायचं धोरण आहे.

मुळात हे लायसन्स टीव्ही संचाचं नाही. घरमालकाने भिंतीवर पन्नास इंची टीव्ही लावून दिला असेल आणि तुम्ही त्यावर फक्त नेटफ्लिक्सवरचे सिनेमे-मालिका बघत असाल, तर लायसन्स लागत नाही. उलट घरात टीव्हीच नसेल पण मोबाइलवर एखादी वाहिनी थेट बघत असाल, तर लागतं. कायदा दोन गोष्टी विचारतो. कोणत्याही वाहिनीचा कार्यक्रम तो प्रसारित होत असतानाच बघता किंवा रेकॉर्ड करता का? आणि बीबीसीचे कार्यक्रम इंटरनेटवर दाखवणारं तिचं आयप्लेअर हे ॲप वापरता का? यांपैकी एकाचंही उत्तर 'हो' असेल तर लायसन्स हवं. आयप्लेअरवर जुने कार्यक्रम बघायलाही ते लागतं. हा नियम १ सप्टेंबर २०१६ पासून आला.

'कोणत्याही वाहिनीचा' या शब्दांत आपली बहुतेक मराठी घरं अडकतात. वाहिनी ब्रिटिशच असली पाहिजे, अशी अट नाही. ॲपवर मराठी बातम्यांची वाहिनी थेट लावली, संध्याकाळची मालिका प्रक्षेपणाच्या वेळीच बघितली, भारताचा सामना स्काय स्पोर्ट्सवर किंवा एखाद्या भारतीय क्रीडा वाहिनीवर चेंडू पडताना बघितला, तर लायसन्स लागतं. यूट्यूबवर एखादी वृत्तवाहिनी थेट चालू असेल तरी तेच. मात्र तीच मालिका दुसऱ्या दिवशी झी५ वर सवडीने बघितली तर लागत नाही. आयटीव्ही आणि चॅनल ४ या ब्रिटिश वाहिन्यांच्या ॲपवर होऊन गेलेले कार्यक्रम, डीव्हीडी, यूट्यूबवरचे साधे व्हिडिओ यांनाही लागत नाही. स्काय या खासगी टीव्ही सेवेची वर्गणी भरली म्हणजे लायसन्सही आलं, हा सर्रास आढळणारा गैरसमज आहे. दोन्हींचे पैसे वेगवेगळे भरावे लागतात. आपल्या लोकांत शे-सव्वाशे पौंडांना मिळणारे, सगळ्या वाहिन्या फुकट दाखवणारे डबे फिरत असतात. लायसन्स काढल्याने त्या डब्यातलं चोरीचं प्रक्षेपण कायदेशीर होत नाही.

मग या फीत हाती काय येतं? २०२५ च्या दराने दिवसाला ४८ पेन्स. त्यात जाहिराती नसलेल्या बीबीसी वाहिन्या, आयप्लेअर, विम्बल्डन आणि बाकी सगळ्या वाहिन्या थेट बघण्याची मुभा. पण बीबीसीचा बराच चांगला माल लायसन्सशिवायही मिळतो, हे नव्याने आलेल्यांना कुणी सांगत नाही. रेडिओचं लायसन्स इथे १९७१ मध्येच रद्द झालं, त्यामुळे सगळी बीबीसी रेडिओ केंद्रं आणि ती ऐकायचं बीबीसी साउंड्स हे ॲप फुकट आहेत. इंग्लंडमधल्या कसोटीचं 'टेस्ट मॅच स्पेशल' हे चेंडूगणिक समालोचन कानावर पडायला एक पेनीही लागत नाही. बातम्यांची वेबसाइट, मुलांच्या शालेय अभ्यासाचं बाइटसाइज हेही तसंच. म्हणून हिशेब करताना 'बीबीसी चांगलं आहे का' हा प्रश्न बाजूला ठेवावा आणि टीव्हीवरचं बीबीसी व थेट प्रक्षेपण आपल्या घरात आठवड्याला किती तास चालतं, ते मोजावं.

आमच्या मते घरात सहा-सात वर्षांखालचं मूल असेल तर हे पैसे पुरेपूर वसूल होतात. सीबीबीज ही लहान मुलांची वाहिनी त्या वयाचा विचार करून बनवलेली आहे. मध्ये एकही खेळण्याची जाहिरात येत नाही, आणि नर्सरीत जायच्या आधी इथले इंग्रजी उच्चार, गाणी, खेळ मुलाच्या कानावरून जातात. मराठी घरात वाढणाऱ्या मुलाला पहिल्या दिवशी वर्गात याचा फार आधार वाटतो. फुटबॉल विश्वचषक किंवा विम्बल्डन मन लावून बघणाऱ्या घरालाही फी जड वाटू नये. एकटा राहणारा, रात्री जेवताना नेटफ्लिक्स आणि झी५ लावणारा नोकरदार मात्र हे पैसे निव्वळ भीतीपोटी भरतो. त्याने ते भरू नयेत.

त्याच्यासाठी साधा रस्ता आहे. टीव्ही लायसन्सिंग, म्हणजे ही फी गोळा करणारी यंत्रणा, तिच्या वेबसाइटवर 'लायसन्सची गरज नाही' असं नाव-पत्त्यासह कळवता येतं. पाच मिनिटांचं काम आहे. त्यानंतर सहसा दोन वर्षं पत्रं थांबतात. मग पुन्हा कळवावं लागतं. हे न केल्यास पत्रं येतच राहतात, दरवेळी भाषा कडक होते, आणि शेवटी माणूस दाराशी येतो.

या माणसाबद्दल नीट माहिती हवी, कारण दार उघडायला बहुतेक वेळा डिपेंडंट व्हिसावर आलेली पत्नीच घरी असते. लायसन्सच्या खटल्यांत शिक्षा झालेल्यांमध्ये स्त्रियांचं प्रमाण दहातल्या सातांच्या आसपास राहिलं आहे. दिवसा घरी कोण असतं, हे त्याचं एक मोठं कारण. हा अधिकारी पोलीस नाही. कोर्टाचं वॉरंट नसेल तर त्याला घरात शिरण्याचा अधिकार नाही. ओळखपत्र मागावं, नाही म्हणायचं असेल तर शांतपणे नाही म्हणावं. तो लिहून घेतलेल्या जबाबावर सही मागतो आणि तोच जबाब पुढे पुरावा ठरतो, म्हणून वाचल्याशिवाय आणि समजल्याशिवाय सही करू नये. खोटं मात्र बोलू नये. लायसन्सशिवाय थेट टीव्ही बघणं हा २००३ च्या कम्युनिकेशन्स ॲक्टखाली फौजदारी गुन्हा आहे आणि दंड १,००० पौंडांपर्यंत जाऊ शकतो. महालात राहणाऱ्याला आणि एका खोलीत राहणाऱ्याला सारखीच फी, आणि ती चुकली तर थेट फौजदारी न्यायालय, ही रचना आम्हाला अन्यायाची वाटते. बीबीसी ज्या शाही सनदेवर चालते, ती सध्याची सनद ३१ डिसेंबर २०२७ ला संपते आहे. निदान त्या वेळी तरी हे बदलावं.

जर्मनीत राहणाऱ्या मराठी कुटुंबांना असा 'गरज नाही' म्हणण्याचा पर्यायच नाही. तिथे टीव्ही असो नसो, प्रत्येक घरामागे महिन्याला १८.३६ युरो द्यावे लागतात. त्या तुलनेत ब्रिटनची सोय खरोखर मोलाची आहे, फक्त ती वापरली पाहिजे.

पैसे भरायचे ठरलंच, तर महिन्याच्या सुरुवातीला भरा. २५ तारखेला काढलेलं लायसन्सही त्या महिन्याच्या पहिल्या तारखेपासूनच मोजलं जातं, म्हणजे जवळजवळ महिनाभराचे पैसे बुडतात. मासिक डायरेक्ट डेबिट, म्हणजे बँक खात्यातून आपोआप कापला जाणारा हप्ता, निवडलं तर पहिल्या वर्षी धक्का बसतो. पहिल्या लायसन्सची पूर्ण रक्कम सहाच महिन्यांत कापली जाते, २०२५ च्या दराने दरमहा सुमारे २९ पौंड. त्यानंतर हप्ते निम्मे होतात, पण ते पुढच्या वर्षाचे आगाऊ असतात. डिपॉझिट, काउन्सिल टॅक्स (इथली घरपट्टी) आणि फर्निचर यांत हात रिकामा झालेल्या महिन्यांत हे मोठे हप्ते बोचतात, तेव्हा आधीच धरून ठेवा. तिमाही हप्त्यांत वर्षाला ५ पौंड जास्त जातात.

लायसन्स माणसाचं नसून पत्त्याचं असतं. चार मित्रांनी मिळून एकाच करारावर घर घेतलं असेल तर एक लायसन्स चौघांना पुरतं. प्रत्येकाचा खोलीपुरता वेगळा करार असेल तर आपापल्या खोलीत थेट बघणाऱ्या प्रत्येकाला स्वतःचं काढावं लागतं. विद्यार्थ्यांना एक सवलत सांगितली जाते: आई-वडिलांच्या घरी लायसन्स असेल तर बॅटरीवर चालणाऱ्या, चार्जरला न जोडलेल्या लॅपटॉपवर बघता येतं. पण ते घर ब्रिटनमधलं हवं. पुण्या-नागपूरहून आलेल्या विद्यार्थ्याला तिचा उपयोग नाही.

आई-बाबा सहा महिन्यांसाठी राहायला येतात तेव्हा प्रश्न पुन्हा उभा राहतो. त्यांना सकाळच्या चहाबरोबर मराठी बातम्या थेट हव्या असतात, आणि त्या मोबाइलवर लावल्या तरी त्या पत्त्याला लायसन्स लागतं. पोस्टात जाऊन रेडिओचं लायसन्स नवं करून आणणं त्या पिढीला आठवतं; भारतात ते १९८० च्या दशकात बंद झालं. त्यांना विषय चटकन कळतो. ते येतील त्या महिन्याच्या पहिल्या तारखेला लायसन्स घ्यावं आणि ते परतले की रद्द करावं. मुदत संपेपर्यंत पुन्हा गरज पडणार नसेल, तर उरलेल्या पूर्ण महिन्यांचे पैसे परत मागता येतात. निदान एक अख्खा महिना शिल्लक हवा.

भारतात कायमचं परतताना हीच पद्धत वापरायची, पण तिथे एक चूक हमखास होते. बँकेच्या ॲपमधून डायरेक्ट डेबिट बंद केलं म्हणजे लायसन्स रद्द झालं असं लोक धरून चालतात. तसं होत नाही. हप्ते थांबतात, पण लायसन्स रद्द केल्याची कुठे नोंद होत नाही आणि परतावा मागायचा राहून जातो. आधी टीव्ही लायसन्सिंगच्या वेबसाइटवर लायसन्स रद्द करून परताव्याचा अर्ज करा, पुढच्या वर्षासाठी कापले गेलेले आगाऊ हप्तेही त्यात मागा, आणि पैसे जमा होईपर्यंत ब्रिटनमधलं बँक खातं बंद करू नका.