स्टीलचा ग्लास की कागदी कप? माझा अनुभव

अंधेरीच्या एमआयडीसीतलं आमचं ऑफिस सात मजल्यांचं. वरच्या दोन मजल्यांवर चहा स्टीलच्या ग्लासात मिळतो, खाली कागदी कपात. मार्चमध्ये साहेबांनी टूम काढली की सगळीकडे स्टील करू आणि पर्यावरण वाचवल्याचा बोर्ड खाली लॉबीत लावू. "मॅडम, किती वाचतं तेवढा आकडा द्या फक्त. दोन दिवसांत होईल ना?" मी क्वालिटीत असल्यामुळे आकडा दिसला की तो माझ्याच टेबलावर येतो. त्या दोन दिवसांचे सहा आठवडे झाले.

या कामाला जीवनचक्र मूल्यांकन म्हणतात, म्हणजे वस्तूचा कच्चा माल खाणीतून किंवा जंगलातून निघाल्यापासून ती कचऱ्यात जाईपर्यंतचा सगळा हिशेब. आयएसओ १४०४० आणि १४०४४ ही त्याची मानकं. ती वाचताना पहिलाच धडा मिळाला. एक ग्लास विरुद्ध एक कप अशी तुलना करायचीच नसते, कारण कप एकदा वापरून जातो आणि ग्लास वर्षानुवर्षं टिकतो. म्हणून मी एकक ठरवलं: एका माणसाला एकदा ९० मिलि चहा देणं. ऐकायला पोरखेळ वाटतो, पण पुढचं सगळं त्यावरच उभं राहिलं.

अकाउंट्समधल्या एकाने लगेच नेटवरून उत्तर आणलं. कॅनडातल्या मार्टिन हॉकिंग यांनी १९९४ मध्ये हाच हिशेब ऊर्जेच्या बाजूने केला होता, आणि काचेचा ग्लास पंधरा वेळा वापरला की कागदी कपाशी बरोबरी होते, असं त्यात आलं होतं. "झालं की मग! पंधरा वेळा तर आठवड्यात होतात." पण तिथली भांडी यंत्रात धुतलेली, आमची मावशींच्या हातची. तो आकडा उचलून लावणं म्हणजे दुसऱ्याचा चष्मा घालून वाचायला बसण्यासारखं होतं.

मग वजनकाटा घेऊन बसले. कागदी कप दोन ग्रॅमचा, स्टीलचा ग्लास ५८ ग्रॅमचा. एक कप रात्रभर पाण्यात भिजत ठेवला. सकाळी कागदाचा लगदा झाला होता आणि आतून दुधावरच्या सायीसारखा पातळ पापुद्रा अख्खा सुटून आला. ते प्लास्टिक. त्याच्यामुळेच कपातून चहा गळत नाही, आणि त्याच्याचमुळे रद्दीवाला या कपांना हात लावत नाही. म्हणजे कप शेवटी डंपिंगला. तिथे कागद कुजून मिथेन हा हवा तापवणारा वायू किती सुटतो आणि त्यातला किती पकडला जातो, हे धरू तसं उत्तर हलतं. माझ्या हिशेबात एका कपाचा बोजा कार्बन डायऑक्साइडच्या मापात चार ते आठ ग्रॅम आला. एकच आकडा द्या म्हणून साहेब मागे लागले होते, पण मी दोन्ही टोकं दाखवायची यावर अडून बसले.

ग्लास घडवण्याचा बोजा ३०० ग्रॅमच्या आसपास निघाला. जुन्या बिलावरून आणि उरलेल्या ग्लासांवरून पाहिलं तर एकेक ग्लास हजारावर वेळा वापरून झाला होता. म्हणजे दर चहामागे ग्रॅमचा तिसरा हिस्सादेखील नाही. स्टील जिंकलं, असं मी वहीत लिहूनसुद्धा टाकलं.

धुण्याचं मोजायचं तेवढं राहिलं होतं. कॅन्टीनच्या सिंकखालचा पाइप काढून बादली लावली आणि मावशींना म्हटलं, नेहमी धुता तसेच धुवा. "आणि पाणी जास्त गेलं तर माझ्या नावावर लिहिणार का?" त्यांनी आधी तेवढं विचारून घेतलं, मगच नळ सोडला. चाळीस ग्लासांना २४ लिटर लागलं, म्हणजे ग्लासामागे ०.६ लिटर. हात घालून पाहिला तर पाणी चांगलंच गरम. कोविडनंतर तिथे गिझर बसवलाय आणि तो दिवसभर चालू असतो, हे आमच्यापैकी कुणाच्या लक्षातच नव्हतं.

०.६ लिटर पाणी २७ अंशांवरून ५५ वर न्यायला ०.०२ युनिटच्या जवळपास वीज जाते. आपल्या ग्रिडची वीज युनिटमागे साधारण ०.७ किलो कार्बन डायऑक्साइडची. गुणाकार १४ ग्रॅमच्या आसपास येतो. कागदी कपाची वरची मर्यादा आठ! म्हणजे गिझर चालू असेपर्यंत आमचा ग्लास शंभर वर्षं वापरला तरी, निदान कार्बनच्या बाबतीत, कपाला गाठणार नव्हता. तेवढंच पाणी पंपाने गच्चीवरच्या टाकीत चढवायचा खर्च काढला, तर तो ग्रॅमच्या दहाव्या भागाइतकाही भरेना. पाणी उचलण्यापेक्षा तापवणं किती महाग असतं, हे शाळेत शिकले होते, पण त्या दिवशी पटलं.

गिझर बंद करा म्हटल्यावर मावशी हसल्या. "ताई, ग्लासाला साय वाळून बसते. ती गार पाण्याने निघेल होय?" मग त्यांनीच तोड काढली. उष्टे ग्लास परत आले की लगेच टबात बुडवायचे, साय वाळूच द्यायची नाही. साबणाचा हात फिरवून दुसऱ्या टबात खळबळायचे. पुन्हा मोजलं तर चाळीस ग्लासांना ११ लिटर लागलं, तेही गार. आता स्टील खरंच जिंकलं. पण असे हिशेब करायच्या सॉफ्टवेअरच्या कुठल्याही डेटाबेसमध्ये ही साय नव्हती.

बोर्ड मात्र लागला नाही. अमुक वस्तू तमुकपेक्षा चांगली असं जाहीर म्हणायचं असेल, तर आधी तज्ज्ञ मंडळाकडून अभ्यास तपासून घ्यावा लागतो, असं १४०४४ सांगतं. त्याचा खर्च ऐकून साहेबांचा उत्साह मावळला. मला हायसं वाटलं.

चहा दोन्हीकडे एकच, म्हणून तो मी हिशेबातून वगळला होता. रीतीला धरूनच होतं ते. पण एका संध्याकाळी सहज दुधाकडे वळले. पूअर आणि नेमेचेक या संशोधकांच्या २०१८ च्या अभ्यासात, त्याच कार्बन डायऑक्साइडच्या मापात, जागतिक सरासरी लिटरभर दुधामागे तीन किलोच्या आसपास आहे. आपल्या तबेल्यांचं गणित वेगळं असेल, तरी आमच्या चहात निम्मं दूध, म्हणजे ४५ मिलि, म्हणजे सव्वाशे ग्रॅमच्या वर! आणि मी सहा आठवडे चार, आठ आणि चौदाच्या मागे लागले होते.

दुसऱ्या दिवशी हे मावशींना सांगितलं. त्यांनी ओट्याखालून झाकलेली बादली पायाने पुढे सरकवली. टबात बुडवायच्या आधी ग्लासातला उरलेला चहा मावशी तीत ओतत होत्या. दुपारचे तीनच वाजले होते आणि बादली अर्ध्याच्या वर भरली होती.

"हे पण मोजायचंय?" त्यांनी विचारलं.

मी वजनकाटा आणायला वर गेले.