तुम्ही विचारलंत म्हणून: बोका घरात मुततो, मग पुसता कशाने?

चार वर्षं हेच चाललंय. जिन्यात कुणी "अहो, एक विचारायचं होतं" म्हणालं की मी आधीच "एन्झाइमवालं क्लीनर, मुतातले घटक तोडणारं, ऑनलाइन मिळतं" असं सांगून मोकळी होते. मग पुढचं ठरलेलं, "पण तरी वास येतोच ना?" हो, येतो. जुलैत येतो. उन्हाळ्यात वाटतं गेला एकदाचा आणि पहिली सर पडली की कोपरा परत बोलायला लागतो, कारण मांजराच्या मुतातलं युरिक अ‍ॅसिड पाण्यात धड विरघळत नाही, फरशीच्या सांध्यात सुकून बसतं आणि हवा दमट झाली की पुन्हा वास सोडतं. त्यात आमचं घर पेठेतलं जुनं, सगळी शहाबादी. ती पितेच सगळं.

आणि प्लीज फिनेल सांगू नका. मीही दोन वर्षं फिनेलच वापरलं, आईच्या घरी तेच, सासरी तेच, घर स्वच्छ म्हणजे फिनेलचा वास. पण मांजराच्या लिव्हरला फिनेलमधलं फिनॉल पचत नाही, फरशीवरून चालतं, पंजे चाटतं, ते जातं पोटात. शिवाय फिनेल बसलेल्या जागी नंतर एन्झाइमही धड काम करत नाही. ब्लीच तर मुतावर ओतूच नका, गॅस होतो, डोळे चुरचुरतात, मी करून बसलेय. व्हिनेगर सगळे छातीठोकपणे सांगतात, पण शहाबादी म्हणजे चुनखडीचा दगड, त्यावर आंबट काही पडलं की खाल्लंच. माझ्या स्वयंपाकघराच्या दारात तळहाताएवढा पांढरा डाग आहे तो त्याचाच, त्यावर मी पायपुसणं टाकून ठेवलंय, आणि बोका आता त्या पायपुसण्यावर मुततो. हसा.

पुसायची पद्धत विचाराल तर एवढीच, जुनं सुती कापड दाबून टिपून घ्यायचं, घासायचं नाही, मग साधं पाणी, मग क्लीनर भरपूर, म्हणजे मूत जिथवर मुरलंय तिथवर पोचेल इतकं, वर ओलं फडकं टाकून ठेवायचं आणि आपोआप वाळू द्यायचं. यूव्ही टॉर्च घेतलात तर दिवे घालवून एकदाच बघा. मी बघितलं त्या रात्री चपलांच्या कपाटामागे, दाराच्या चौकटीला, सगळीकडे पिवळट चमकत होतं, मला झोप आली नाही.

पण कशाने पुसता हे विचारणाऱ्यांपैकी तो का मुततो हे एकानेही विचारलं नाही. मीही नव्हतं विचारलं.

गणपतीच्या आधीचा आठवडा. नणंद, तिची मुलं, सासूबाई, वन रूम किचनमध्ये सात माणसं. बंड्याने, म्हणजे आमच्या बोक्याने, तीन दिवसांत मोरीत, सिंकमध्ये आणि शेवटी पाहुण्यांसाठी घडी करून ठेवलेल्या पांढऱ्या चादरीवर थेंब थेंब करून ठेवलं. चादरीवरचा डाग जरा गुलाबीसर होता. मला वाटलं, रांगोळीचा रंग लागला असेल. त्याच्या शी-शूच्या ट्रेमध्ये दहा दहा वेळा जाऊन बसायचा, नुसता खरवडायचा, मी म्हटलं याला बद्धकोष्ठ झालंय, चमचाभर तूप चाटवलं. आणि सासूबाई म्हणाल्या, "मांजर सूड घेतं बाई, पाहुणे आवडले नाहीत त्याला." मला ते पटलं. खोटं कशाला बोलू, सोयीचंच होतं. चादरीत त्याचं नाक खुपसलं, पाठीत एक चापट दिली आणि रात्री बाथरूममध्ये कोंडला.

तीनपर्यंत ओरडला. मांजराचं नेहमीचं ओरडणं नव्हतं ते, खालून, घशातून यायचं. नणंदेची धाकटी उठून रडायला लागली तेव्हा मी दारावर हात आपटला. मग तो गप्प झाला. मी कूस बदलून मनात म्हटलं, समजलं एकदाचं.

सकाळी बादलीशेजारी आडवा पडला होता. शेजारी उलटी. उचलला तर पोट लागलं हाताला, मोसंबीएवढं, टणक. डॉक्टरांनी फक्त हात लावून सांगितलं, लघवी पूर्ण अडकलीय, बोक्यांची नळी अरुंद असते, बारीक खडे नि चिकटा साचून बूच बसतं, आणि तसंच राहिलं तर रक्तात पोटॅशियम चढून हृदय बंद पडतं, दोन दिवसही लागत नाहीत. गुंगी देऊन नळी घातली, सलाइन, तीन दिवस तिथेच. पहिल्या पिशवीत आलं ते लघवी म्हणवत नाही, पातळ केलेल्या कुंकवासारखं होतं.

आता तुम्ही म्हणाल, कळायला नको का. नको का म्हणजे काय, घरात सात माणसं, मोदकांची उकड, मुलीची सहामाही. आणि नाहीच कळलं. हे दोन्ही खरंय आणि कुठलं जास्त खरं ते माझं मलाच अजून ठरवता येत नाही.

त्यानंतर एका बोक्याला दोन ट्रे, एक मोरीत एक गॅलरीत, ट्रेमधलं वासाचं लिटर, म्हणजे ती वाळू, बंद, रोज दोनदा साफ, ओलं खाणं, घरभर पाण्याच्या वाट्या. अडकलं नाही परत. मुतणं मात्र पूर्ण थांबलं नाही, पाहुणे आले की होतंच, डॉक्टर म्हणतात टेन्शनने. "मंडईत सोडून द्या, उंदीर खाऊन राहील" असं सांगणाऱ्यांना मी पूर्वी भांडायचे, आता चहा विचारते. सूड घेत नाही तो, हे मला माहितीय. तरी मागच्या महिन्यात नव्या गादीवर केलं तेव्हा माझ्या तोंडून पहिला शब्द काय आला, "मुद्दाम!"

परवा सकाळी पायपुसणं चिंब. मी आधी खाली बसून किती आहे ते बघितलं. रंगही बघितला. भरपूर होतं, पिवळं, एका दमात केलेलं. मग शिव्या दिल्या आणि फडकं आणायला गेले.