‘पट’ असा हुकूम सोडता येत नाही

प्रयोजक क्रियापदांचा धडा म्हणजे हमखास मार्कांचा धडा. हसणे–हसवणे, पळणे–पळवणे, बसणे–बसवणे, जोड्या लिहा आणि पुढे जा. आमच्या मराठीच्या बाईंनी त्या यादीत पटणे–पटवणे आणि वळणे–वळवणे या दोन जोड्या घातल्या आणि कितीतरी तास त्यांतून बाहेरच आल्या नाहीत. पोर्शन मागे पडला, मुख्याध्यापकांची बोलणीही बहुधा त्यांनी खाल्ली असावीत. मी आज दिवाणी न्यायालयात वकिली करते. माझं निम्मं काम पटणे आणि पटवणे यांच्या मधल्या जागेत चालतं. त्यामुळे स्मरणिकेसाठी लिहायचं म्हटल्यावर स्नेहसंमेलन आणि सहली बाजूला राहिल्या आणि हा धडा पुढे आला.

बाईंनी एकदा आज्ञार्थी रूपं करायला सांगितली. ऊठ, लिही, ऐक, मान, विश्वास ठेव. “आता ‘पटणे’चं करा.” मागच्या बाकावरून कोणीतरी ‘पट!’ म्हणून ओरडलं आणि वर्ग खो खो हसला. बाईंना तेच हवं होतं. रूप व्याकरणात बसतं, पण माणसाला ‘पट’ असा हुकूम सोडता येत नाही. ‘मला पटलं’ या वाक्यात मी कर्ता नाहीच. पटतो तो मुद्दा, मी नुसती ‘मला’ होऊन उभी. मला वाटतं, माझी खात्री पटते, माझा विश्वास बसतो, सगळीकडे तीच तऱ्हा. मात्र ‘मी मानते’ आणि ‘मी विश्वास ठेवते’ म्हटलं की कर्तेपण माझ्याकडे येतं, आणि जबाबदारीही.

मग बाईंनी फळ्यावर ‘विश्वास’ लिहिलं आणि पुढे क्रियापदं मागितली. ठेवणे, टाकणे, बसणे, वाटणे, उडणे, संपादन करणे. “विश्वास पानिपतात गेला, बाई,” हा शेरा आलाच. घरोघरी ऐकलेली कोटी. बाई हसल्या, १७६१ सालच्या विश्वासरावांबद्दल दोन वाक्यं बोलल्या आणि पुन्हा फळ्याकडे वळल्या. त्यांचं म्हणणं असं, की मराठीत नामं ढोबळ असतात, खरी छटा शेजारच्या क्रियापदात असते. विश्वास ठेवणं आपल्या हातात, तो बसणं नाही. एखाद्यावर विश्वास ठेवून वर्षं काढता येतात आणि तरी तो बसलेला नसतो. संसारात आणि भागीदारीत हे पुष्कळ दिसतं. (हे शेवटचं माझं, बाईंचं नव्हे.)

श्रद्धा मात्र कोणी टाकत नाही. ती असते किंवा जडते. माया जडते, व्यसन जडतं, दुखणंही जडतं, त्यातलीच ही. विश्वास उडतो तशी श्रद्धा उडत नाही, ती ढळते, आणि ढळायला वेळ लागतो. खात्री करून घेता येते. श्रद्धा करून घेतली असं कोणी म्हणत नाही. खात्रीच्या मुळाशी अरबीतला ‘खातिर’ म्हणजे मन आहे, पण मराठीत आल्यावर तिने मनापेक्षा पुराव्याशी सोयरीक केली. खातरजमा म्हटलं की कागद मागितले जाणार हे आलंच. भरवसा हा शब्द मला फार आवडतो, कारण तो बहुतेक वेळा नसतानाच भेटतो: ‘त्याचा काही भरवसा नाही.’ आणि भिस्त, मदार? तिथे प्रेमाचा प्रश्नच नाही. ज्याच्यावर सगळी भिस्त आहे त्याच्यावर विश्वास असेलच असं नाही. दुसरं कोणी नसतं म्हणूनही भिस्त ठेवावी लागते.

पाठ्यपुस्तकाच्या सुरुवातीला संविधानाची उद्देशिका छापलेली असते, तिच्यात ‘विचार, अभिव्यक्ती, विश्वास, श्रद्धा व उपासना यांचे स्वातंत्र्य’ असे शब्द आहेत. एका मुलाने विचारलं, “बाई, विश्वास आला ना, मग श्रद्धा कशाला?” बाईंनी उत्तर दिलं नाही, त्याला हिंदीच्या पुस्तकातली उद्देशिका काढायला लावली. तिथे ‘विश्वास, धर्म और उपासना’. मूळ इंग्रजीत बिलीफ आणि फेथ. वर्ग गप्प. त्या तासाला निकाल लागला नाही. आज विचाराल तर मला मराठी शब्द अधिक नेमका वाटतो. श्रद्धा धर्मात मावते तशी धर्माबाहेरही राहते. मंत्री शपथ घेतात ती संविधानाबद्दल खरी श्रद्धा आणि निष्ठा बाळगण्याची, तिथे देवाचा संबंध असलाच तर तो ‘ईश्वरसाक्ष’ म्हणण्यापुरता, आणि ज्यांना तो नको त्यांना गांभीर्यपूर्वक दृढकथन करण्याची मुभा आहे.

शेजारची हिंदी अंधविश्वास म्हणते, आपण अंधश्रद्धा म्हणतो, आणि त्या एका शब्दावरून आपल्याकडे किती वाद झाले! गंमत अशी, की २०१३ साली महाराष्ट्रात जो कायदा झाला त्याच्या लांबलचक नावात नरबळी आहे, अमानुष, अनिष्ट व अघोरी प्रथा आहेत, जादूटोणा आहे, अंधश्रद्धा नाही. वकील म्हणून मला ते योग्य वाटतं. कायद्याला कृत्य धरता येतं, श्रद्धा कुठे धरणार?

बाईंचे वहीतले शेरेही असेच असत. माझ्या एका निबंधाखाली लाल शाईत होतं: ‘मुद्दा कळला. पटला नाही.’ मी तक्रार घेऊन गेले, तर म्हणाल्या, “कळेल असं लिहिणं तुझं काम होतं, तू ते चोख केलंस. पटणं माझं आहे.” ‘कळतं पण वळत नाही’ ही म्हण आपण आळशी मुलांवर वाया घालवतो. त्यातलं वळणं आणि मन वळवण्यातलं वळणं एकच आहे.

पटवून देणं आणि पटवणं यांतला फरक त्यांनी ‘देणे’वर बोट ठेवून दाखवला. पटवून देताना मी कारणं समोर ठेवते आणि बाजूला होते. घ्यायचं की नाही ते समोरच्याचं. नुसतं पटवलं म्हटलं की त्यात लाडीगोडी आली, कुणाला तरी गटवल्याचा वास आला. कॉलेजात गेल्यावर मुलं हा शब्द कशासाठी वापरतात ते कळलं आणि बाईंचं बोट आठवलं. ‘समज’ची खानेसुमारी तर मी अजून करते आहे. समजावून सांगतो तो बरोबरीने बसतो. समजूत काढतो तो रुसलेल्याजवळ बसतो, तिथे मुद्द्याला फारसं महत्त्व नसतं. समज देतो तो खुर्चीत असतो आणि आपण उभे असतो. मनधरणी करणारा खाली वाकतो. गळ घालणारा नात्याचा किंवा ओळखीचा हक्क वापरतो. भरीस घालणारा स्वतः काठावर उभा राहतो. फूस लावणाऱ्याला आडोसा लागतो. गळी उतरवणाऱ्याला समोरचा चावतोय की नाही याच्याशी कर्तव्य नसतं.

१८७२ च्या करार कायद्यात, म्हणजे इंडियन कॉन्ट्रॅक्ट ॲक्टमध्ये, संमती मोकळी केव्हा धरायची ते कलम १४ सांगतं: जबरदस्ती, गैरवाजवी दडपण, कपट, दिशाभूल करणारं कथन किंवा चूक यांमुळे ती दिलेली नसावी. पाच खाने. आमच्या दस्तांत याचं मराठी ठरलेलं आहे, ‘राजीखुशीने, अक्कलहुशारीने, कोणाच्याही दबावाला बळी न पडता’. एकदा एक वयस्क बाई मिळकतीतला हिस्सा सोडण्याच्या दस्तावर सही करायला आल्या. मी वाचून दाखवलं, समजावून सांगितलं, आणि विचारलं, “आजी, हे तुम्हाला पटलंय ना?” त्या म्हणाल्या, “पटायचं काय त्यात? भावानं गळ घातली.” भाऊ शेजारीच बसलेला, चष्मा पुसत. गळ घालणं त्या पाच खान्यांत कुठे बसतं? सरळ कुठेच नाही. बहिणीच्या इच्छेवर कुरघोडी करण्याइतका भावाचा वरचष्मा होता आणि त्याने तो वापरून गैरवाजवी फायदा उपटला, असं दिसलं तर गैरवाजवी दडपण म्हणता येईल, पण एका ‘गळ’वरून ते ठरत नाही. मी भावाला बाहेर बसवलं आणि तेच पुन्हा विचारलं. त्यांनी बराच वेळ घेतला. मग म्हणाल्या, “पटलं नाही, पण मी मानलंय. सही करते.” त्यांनी ती केली. पटणं आणि मानणं वेगळं, हे त्यांना कोणी फळ्यावर शिकवलं नव्हतं.

हल्ली आमच्याकडे नवे वकील येतात ते ‘कन्व्हिन्स केलं’ म्हणतात. इंग्रजी शब्दांशी माझं वैर नाही, कोर्टात निम्मे तेच असतात. पण या एका शब्दाखाली समजावणं, गळ घालणं, भरीस घालणं, गळी उतरवणं सगळं झाकलं जातं, आणि नेमकं काय झालं हेच तर मला हवं असतं. परवा तडजोडीच्या एका प्रकरणात माझा ज्युनिअर आनंदात आला, “मॅडम, अशील कन्व्हिन्स झालाय.”

“म्हणजे काय झालंय? पटलंय, वळलाय, की मानलंय?”

तो जरा थांबला. “खरं सांगू? कंटाळलाय.”

“मग आज सही नको. पुढची तारीख घे.”