अजिंक्यताऱ्यावरची पहाट

केंद्र सरकारच्या 'क्लास' योजनेतून १९८४-८५ पासून शाळांना बीबीसी मायक्रो संगणक मिळू लागले. आपल्या शाळेतली यंत्रं मी पाहिली ती नववीत, १९८७ साली. चपला बाहेर काढून त्या खोलीत जायचं. खिडकीतून अजिंक्यतारा दिसे आणि मी काढलेलं पहिलं चित्रही त्याचंच.

यंत्राची सगळी स्मरणशक्ती ३२ किलोबाइट. चित्रांसाठी पडद्याचा 'मोड १' हा प्रकार घेतला की त्यातले २० किलोबाइट एकट्या पडद्यालाच लागायचे. उरलेल्यात आमचा प्रोग्रॅम. एवढं देऊन एका वेळी रंग मिळायचे चारच: काळा, लाल, पिवळा, पांढरा. माझा किल्ला लाल झालेला पाहून मी हिरमुसलो. तेव्हा सरांनी फळ्यावर रंग बदलायची आज्ञा लिहिली: व्हीडीयू १९,१,२,०,०,०.

"हे बघ बाळा, १ हा बाकाचा नंबर. २ म्हणजे हिरवा, तो त्या बाकावर बसणारा मुलगा. बाक चारच, मुलं आठ. कुणाला कुठं बसवायचं ते तू ठरव."

ओळ टाइप केली आणि अख्खा डोंगर एका क्षणात हिरवा झाला. सपाट माथ्याचा तो डोंगर 'प्लॉट ८५' या आज्ञेचे दोन त्रिकोण जोडून भरला होता. आता त्यातलं काहीच पुन्हा काढावं लागलं नव्हतं. मला ते फार मोठं वाटलं, आजही वाटतं.

मग पहाट करायचं डोक्यात घेतलं. आकाश ० नंबरवर, डोंगर १ वर, गावातली घरं २ वर, अक्षरं ३ वर. रात्री आकाश काळं, डोंगर निळा, घरं दिव्यांसारखी पिवळी. उजाडताना आकाश निळं केलं की त्याच वेळी डोंगर काळा करायचा, नाहीतर निळ्यात निळा बुडून जाई. मग आकाश जांभळट, मग फिकट निळं. डोंगर हिरवा, घरं पांढरी. दोन बदलांमध्ये 'इन्की(२००)', म्हणजे दोन सेकंद थांबणं. ते दोन सेकंद ठरवायला माझे दोन शनिवार गेले.

एकदा गडद रात्र हवी म्हणून चारही नंबरांवर काळा बसवला. चित्र गेलं, अक्षरंही गेली. महागाचं यंत्र माझ्या हातून बिघडलं असं वाटून घशाला कोरड पडली. सर जवळ आले, काही बोलले नाहीत. काळ्या पडद्याकडे बघत त्यांनी 'व्हीडीयू २०' टाइप करून रिटर्न दाबलं. लाल डोंगर, पिवळी घरं परत आली आणि खाली सरांनी अंधारात टाइप केलेली अक्षरंही पांढरी होऊन दिसली. चित्र पुसलं गेलंच नव्हतं. सगळं जागच्या जागी होतं.

मार्चात खिडकीतला डोंगर करपला. आठ रंगांत तपकिरी नव्हता, म्हणून मी दिवसाच्या डोंगराला पिवळा दिला, २ चा ३ करून. जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा पाऊस लागला होता. पहिल्याच तासाला जाऊन ३ चा पुन्हा २ केला.