पान २८१

कादंबरी काल रात्री पावणेदोनला संपली. आजही झोप नाही. पान २८१ डोक्यातून जात नाहीये, म्हणून लिहायला बसले.

पुस्तक ताईने दिलं. देताना म्हणाली, "हलकंफुलकं आहे. आत्ता तुला असलंच काहीतरी वाचायला हवं." त्यातलं 'आत्ता तुला' मला टोचलं. मार्चपासून सगळे माझ्याशी त्याच आवाजात बोलतात, आजारी माणसाच्या उशाशी बसल्यासारखे. पंधरा दिवस मी ते पुस्तक उघडलंच नाही. मुखपृष्ठावर बर्फ, खिडकीतला पिवळा उजेड, दारावर हिरवी माळ. नाताळच्या तोंडावरची प्रेमकथा, म्हणजे शेवटी दोघं एकत्र येणार हे मुखपृष्ठच सांगत होतं. मला कुणाचंही सुरळीत झालेलं बघायचं नव्हतं, छापलेलंसुद्धा.

आणि परवा उघडलं तर दोन रात्रींत संपवलं. मधे एकदा मोठ्याने हसले. त्या शांत खोलीत माझंच हसणं ऐकून दचकले. किती दिवसांनी ऐकलं, ते मोजत बसले नाही.

गोष्ट अशी. मावशी वारल्यावर तिचं जुनं अतिथीगृह विकून टाकायला नायिका डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात येते. जिना दुरुस्त करायला एक सुतार येतो, तोच नायक. दिवाणखान्यात मोठं ख्रिसमस ट्री. रोज सकाळी त्यावरचा एक काचेचा गोळा नाहीसा झालेला असतो आणि त्या फांदीला एक जुनं पत्र अडकवलेलं असतं. मावशीला कुणीतरी लिहिलेलं, पण पाकीट कधीच न फोडलेलं. पत्रं कोण ठेवतंय? आणि चाळीस वर्षं ती होती कुठे? खून नाही, रक्त नाही. रहस्य अगदी चवीपुरतं, पण त्याने मला धरून ठेवलं.

कसं धरून ठेवलं, याचा आज दिवसभर विचार केला. प्रेमकथेत काय होणार ते आधीच ठरलेलं असतं, आणि रहस्यकथेत नेमकं तेच लपवलेलं असतं. एकाच पुस्तकात दोन्ही आल्यावर वाचणाऱ्याचा एक पाय घट्ट जमिनीवर राहतो आणि दुसऱ्याने अंधारात चाचपडता येतं. मला नुसती खात्री असती तर कंटाळा आला असता. नुसता अंधार असता तर आत्ता झेपला नसता. शेवटी सगळं नीट होणार आहे हे माहीत असल्यामुळेच मी त्या दोघांच्या भांडणात, संशयात, रुसव्यात निर्धास्तपणे शिरू शकले.

१९२८ साली एस. एस. व्हॅन डाइन या अमेरिकन लेखकाने रहस्यकथा लिहिण्याचे वीस नियम छापले होते. त्यातला तिसरा नियम, कथेत प्रेमप्रकरण नको. त्याचं म्हणणं साधारण असं की आपल्याला गुन्हेगाराला न्यायासनासमोर उभं करायचंय, प्रेमी जोडप्याला बोहल्यावर नाही. पुढे १९३७ मध्ये डोरोथी सेयर्स या इंग्रज रहस्यकथा-लेखिकेने आपल्या एका कादंबरीच्या उपशीर्षकातच सांगून टाकलं की ही प्रेमकथा आहे, मधूनमधून तपासाचा व्यत्यय येणारी. मी सेयर्सच्या बाजूची. कारण प्रेमात माणूस दुसरं काय करतो? एकेक शब्द उजेडात धरून बघतो. उशीर का झाला, फोन घ्यायला बाहेर का गेला, हे नाव याआधी कधी कसं ऐकलं नव्हतं. या कादंबरीत सातव्या प्रकरणात सुतार सांगतो की तो संध्याकाळभर घरीच होता, आणि त्याच्या बुटांना ओला बर्फ चिकटलेला असतो. त्या एका ओल्या बुटावर दोन्ही गोष्टी उभ्या आहेत. पत्रं हाच ठेवतो का, हा एक प्रश्न. हा खोटं बोलत असेल तर माझं काय, हा दुसरा. लेखिकेने तो बूट फक्त दोन ओळींत दाखवला आणि पुढे गेली. मला तिथे थांबावं लागलं, पाणी प्यायला उठावं लागलं.

आणि सणाचा उपयोग तिने काय सुंदर केलाय! सणाच्या घरात प्रत्येकजण काही ना काही लपवत असतो. कपाटाला कुलूप असतं, कुणी आलं की बोलणं बंद होतं, कागद सळसळतो आणि घाईघाईने पलंगाखाली जातो. एरवी यातली एकेक गोष्ट संशयाची, पण त्या दिवसांत तिला माया म्हणतात. मग त्यात खरं लपवणारा शोधायचा कसा? शिवाय २४ डिसेंबर ही न हलणारी तारीख, तोवर उलगडा व्हायलाच हवा. बाहेर बर्फ पडून रस्ता बंद, म्हणून रागावून निघून जायचीही सोय नाही. सण आणि अंधाराची जोडी तशी जुनी आहे. डिकन्सची भुतांची नाताळकथा १९ डिसेंबर १८४३ला आली, ती ऐन सणातच. सगळीकडे दिवे लागले की माणसाला आपला न लागलेला दिवा जास्त दिसतो, म्हणून असेल.

तर पान २८१.

सगळं उघड होतं. पत्रं कोण ठेवत होतं ते लिहीत नाही, मला अर्ध्यातच कळलं होतं आणि कळूनही गोडी कमी झाली नाही. पण सुताराला ते पहिल्यापासून ठाऊक असतं. ती त्याला अर्धवट दुरुस्त केलेल्या जिन्यावर गाठते आणि विचारते. तो हातातला रंधा खाली ठेवतो आणि म्हणतो, "मी सांगणारच होतो."

त्या वाक्याच्या बाजूला, समासात, पेन्सिलीने केलेली बारीक खूण आहे.

मी पुस्तक मिटलं. परत उघडलं. खूण तिथेच होती. नेमकं हेच वाक्य, याच शब्दांत, मी स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून ऐकलं होतं. ताईला मी ते सांगितलेलं नाही. इतकं सगळं सांगितलं, पण ते वाक्य नाही, कारण ते माझ्या तोंडातून निघत नव्हतं. मग ही खूण कुणाची?

दिव्याखाली पुस्तक तिरकं धरून पाहिलं. पेन्सिलीची चकाकी जाऊन खूण राखाडी पडलीये, समोरच्या पानावर तिचा पुसट डागही उतरलाय, म्हणजे पुस्तक मिटून बरेच दिवस झालेले. पुन्हा पहिल्या पानापासून चाळलं. ३१२ पानांत दुसरी खूण नाही. ताई पुस्तकात कधी रेघ ओढत नाही, मी पानाचा कोपरा दुमडला तरी ओरडते. पुस्तक तिने जुनं घेतलं असेल, खूण कुणा अनोळखी बाईची असेल. किंवा ताईचीच असेल, माझ्यासाठी. किंवा ताईचीच असेल, आणि माझ्यासाठी नसेल. हा तिसरा विचार काल रात्री तीनला आला आणि तेव्हापासून छातीवर बसलाय. आपण आपल्या रडण्यात इतके बुडालेले असतो की समोरच्याला कधी काही विचारतच नाही. ताई सतरा वर्षं... जाऊ दे.

पण खरं खुपतंय ते खुणेचं नाही. खुपतंय ते हे की त्या वाक्यानंतर ती त्याला माफ करते. दहा-अकरा पानांत. एक रडणं, एक बर्फातली चाल, एक पत्र, आणि झालं. आणि मला राग आला नाही! मला मनापासून बरं वाटलं. डोळ्यांत पाणी आलं ते आनंदाचं. मग मी ते का करू शकले नाही? आणि माझ्याने झालं नाही ते तिने केलं, याचा मला आनंद कसा होतो? दिवसभर हेच घोळतंय. आधी स्वतःची कीव आली, अगदी घसा दाटेपर्यंत. ज्या गोष्टी सगळ्यांना मिळतात त्या मला पुस्तकात वाचाव्या लागतात, असं काहीबाही.

संध्याकाळी कपडे घड्या करताना मात्र एक लक्षात आलं. त्या सुताराने दुसऱ्या कुणाचं तरी गुपित राखलं होतं. त्याने शब्द दिला होता आणि तो पाळताना त्याचा जीव कासावीस होत होता. लेखिकेने ते ओल्या बुटापासून पेरत आणलंय. म्हणजे वाक्य तेच, पण त्यामागचा माणूस तो नव्हे. 'सांगणारच होतो' म्हणणारा प्रत्येकजण सांगणार असतोच असं नाही. तिच्याकडे माफ करायला कारण होतं, आणि पुरावाही होता. माझ्याकडे फक्त वाक्य होतं. मी हातातला टॉवेल तसाच धरून बराच वेळ उभी राहिले.

तेव्हापासून थोडं हलकं वाटतंय. झालं ते झालंच, त्यात काही बदललेलं नाही. पण तिच्यासाठी आनंद वाटला यात मी काही गमावलं नाही, आणि माझ्यातलं ते आनंद होणारं काहीतरी अजून शाबूत आहे, हेही दिसलं. ताई म्हणाली होती, हलकंफुलकं आहे. तिला काय म्हणायचं होतं कोण जाणे.

रविवारी पुस्तक परत द्यायचंय. ताईला खुणेबद्दल विचारायचं की नाही ते ठरत नव्हतं. पुस्तक पुन्हा चाळताना पान १९६ वर थांबले. तिथे नायिका एकटीच, सगळे झोपल्यावर, जिन्याच्या तळच्या पायरीवर बसून मावशीची सगळी पत्रं पहिल्यापासून वाचते. घर विकायचं नाही हे ती तिथे ठरवते, तेव्हा सुताराचं काहीच ठरलेलं नसतं. बाहेर बर्फ थांबलेला असतो, आणि तिला तेही कळत नाही.

पेन्सिल शोधली, टोक काढलं, आणि त्या परिच्छेदाच्या बाजूला समासात मीही एक बारीक खूण केली. ताईला दिसेल. ओरडलीच, तर तेव्हा विचारीन.