कुंडी : सातवी लेव्हल झाली, आणि उडी पहिल्यापासून परत केली

मंडळी राम राम. तीन महिन्यांनी लिहून राहिलो. मधे केळीचा माल कटत होता, दिवसभर बागेत आणि रात्री मोटर, त्यामुळे गेमला हात लागला तो तुकड्या तुकड्यांनी. तरी काम झालंय आणि चांगलं झालंय. सातवी लेव्हल पहिल्या खोलीपासून शेवटच्या दरवाजापर्यंत खेळता येते, आणि वर्षभर डोक्यात अडकून बसलेली ती पळत मारायची उडी शेवटी पाहिजे तशी बसली.

नवीन आलेल्यांसाठी थोडक्यात. कुंडी हा प्रिन्स ऑफ पर्शियाचा फॅनगेम आहे, म्हणजे चाहत्याने मूळ गेमवरून केलेला, आणि मूळ म्हणजे १९८९ चा पहिला टू-डी वाला, साठ मिनिटात राजकन्येला सोडवायचं तो. आम्ही तो सावद्याला कॉम्प्युटर क्लासमध्ये खेळलो, सर बाहेर गेले की प्रिन्स मेगाहिट टाइप करायचं आणि पुढच्या लेव्हलला उडी. २०१३ ला मी नुसता लेव्हल एडिटर घेऊन खोल्या इकडच्या तिकडे करायला लागलो, तेव्हा हे बारा वर्षं चालेल असं मनात पण नव्हतं. नंतर एसडीएलपॉप हाती लागलं, डॉसवाली गेम उलगडून सी भाषेत परत लिहिलेली, सोर्स म्हणजे प्रोग्रामचा मूळ मजकूर सगळा उघडा, आणि मग नुसत्या खोल्या बदलण्यात मन रमेना.

आणि जागा कोणती घेतली तर बुऱ्हाणपूरचा खूनी भंडारा, ज्याला कुंडी भंडारा पण म्हणतात. रावेरहून गाडीत बसलं की अर्ध्या तासात बुऱ्हाणपूर, आज मध्य प्रदेशात आहे पण फारुकींच्या खानदेशाची राजधानी तीच होती. सातपुड्याचं पाणी जमिनीखालून तापीकडे झिरपत जातं, ते मधेच बोगद्यात अडवून नुसत्या उताराने शहरात आणलेलं, पंप नाही काही नाही. बोगद्यावर ठराविक अंतराने उभ्या विहिरी, त्याच कुंड्या, शंभराच्या वर आहेत, खोदाईची माती काढायला, हवेला आणि साफसफाईला. १६१५ च्या सुमाराला हे काम झालं आणि ते करणारा जाणकार इराणी होता. इराणात याला कनात म्हणतात. मी पहिल्यांदा लिफ्टने खाली उतरलो आणि वरच्या कुंडीतून उन्हाचा गोल तुकडा पाण्यावर पडलेला बघितला तेव्हाच ठरलं, गेम पर्शियाचा आणि पर्शियाची कारागिरी आपल्या उशाशी, दुसरीकडे कुठे जायचंच नाही.

आता उडीचं.

मूळ गेम सेकंदाला १२ फ्रेमवर, म्हणजे १२ चित्रांवर चालतो. मला वाटायचं आता कशाला १२, आपण मधे नवीन फ्रेमा घालून २४ करू, लोण्यासारखं दिसेल. दोन वर्षं त्या मधल्या फ्रेमा बनवल्या, आणि दिसायला खरंच छान दिसायचं, पण खेळायला बसलं की पोरगं हवेत तरंगल्यासारखं, अंगात वजनच नाही. या गेमचा जीव कशात आहे तर बटण दाबल्यावर तुम्ही शब्द दिलेला असतो, पाऊल पडल्याशिवाय उडी नाही, थांबायचं म्हणलं तरी दोन पावलं घसरून मगच थांबणार. त्या १२ फ्रेमांमधल्या प्रत्येक फ्रेमला पाय जमिनीवर कुठे आहे हे खेळणाऱ्याला कळतं, मी मधे अजून चित्रं घुसवून तेच पुसून टाकलं होतं. मागच्या दिवाळीत सगळं काढून टाकलं. दोन वर्षांचं काम डिलीट करताना हात थरथरला खरं सांगतो, पण दुसऱ्या दिवशी जुन्या वेगावर पहिली खोली खेळलो आणि पटलं.

तर मग नवीन शूटिंग आलं. जॉर्डन मेकनरने १९८५ ला आपल्या धाकट्या भावाला पांढरे कपडे घालून पळायला लावलं, व्हिडिओ काढला, टीव्हीच्या पडद्यावरून फोटो घेतले, त्यावर मार्करने आकार गिरवले आणि ते कॉम्प्युटरमध्ये घातले, चार वर्षं लागली त्याला गेम पूर्ण करायला. मी २०१६ ला तेच माझ्या पुतण्यासोबत केलं होतं. पांढरा कुर्ता पायजमा, मागे हिरवी केळी, म्हणजे आकार आपोआप सुटून दिसतो. फोन केळीच्या टेकूच्या बांबूला बांधला, ६० फ्रेमवर रेकॉर्ड केलं आणि दर पाचवी फ्रेम उचलली की बरोबर १२ होतात. हे गणित ज्यांना स्वतः करायचंय त्यांनी लिहून ठेवा, ३० वर काढलं तर भागच जात नाही.

पण तेव्हा पोरगं दहा वर्षांचं होतं. आता एकोणीसचं आहे, कॉलेजच्या टीमकडून खो-खो खेळतं, माझ्यापेक्षा उंच. नवीन पळणं आणि नवीन उडी त्याचीच काढली, काय सुंदर पळतो भो तो, खांबाकडे वळताना खांदा कसा आधी टाकतो ते फ्रेम फ्रेम बघण्यासारखं आहे. पण गेममध्ये उडी मारून कड पकडली की पुढचं चढणं जुनं, दहा वर्षांच्या पोराचं. म्हणजे हवेत जवान माणूस आणि लटकताना लहान लेकरू. मी आकार ताणून बघितला, डोकं लहान केलं, खांदे रुंद केले, तरी नाही. चाचणी करणाऱ्या तिघांनी वेगवेगळं सांगितलं, एक म्हणे कड घसरते, एक म्हणे कॅमेरा हलतो, पण तिघांचं बोट त्याच फ्रेमवर. शरीर खोटं असलं की डोळ्याला कळतंच, नाव नाही देता आलं तरी.

शेवटी सगळंच परत. लटकणं, चढणं, उतरणं, तलवार काढणं, पडणं, सगळ्या हालचाली. लटकण्यासाठी गोठ्याचा आडवा वासा वापरला, खाली कडब्याच्या पेंढ्या टाकल्या. पडण्यासाठी त्याने स्वतः गच्चीच्या तिसऱ्या पायरीवरून उडी टाकली आणि गुडघे वाकवून बसला, तीच फ्रेम ठेवलीय. नियम मूळचेच ठेवले, एक मजला पडलं तर काही नाही, दोन मजले पडलं तर एक जीव कमी, तीन मजले म्हणजे संपलं. अप्पा बाजूला खाटेवर बसून बघत होते, त्यांनी विचारलं हे पोरगं किती वर्षं पळणार आहे तुझ्यासाठी. मी म्हणलं अजून दोन लेव्हल.

सातव्या लेव्हलचा खरा त्रास खोल्यांचा होता. मूळ रचनेत एका लेव्हलला २४ खोल्या, प्रत्येक खोली दहा फरशा आडव्या आणि तीन उभ्या, आणि एका खोलीत एकच पहारेकरी. बोगदा म्हणजे लांबच लांब आडवी जागा, २४ खोल्या बघता बघता संपतात. मर्यादा वाढवता आली असती, सोर्स आपल्याकडेच आहे, पण मी नाही वाढवली. खोल्यांची जोडणी डावी उजवी वर खाली अशी चार आकड्यांची असते आणि ती खरी असायलाच पाहिजे असं नाही, त्यामुळे एक खोली तिच्या स्वतःच्याच उजवीकडे परत लावली. आता खेळणारा अंधारात पळतच राहतो, जोवर वरच्या कुंडीतल्या उन्हाचा तुकडा सरकलाय हे त्याच्या लक्षात येत नाही. लक्षात आलं की वर चढायचं. मला स्वतःला हा कोडं म्हणून आत्तापर्यंतचा सगळ्यात आवडलेला भाग आहे.

पाणी पण झालं. वाहतं दाखवायला चित्रं नाही बदलली, नुसते पॅलेटमधले, म्हणजे रंगांच्या यादीतले, चार रंग फिरवले. आणि पाण्यातलं प्रतिबिंब मूळ गेमच्या सावलीवाल्या माणसासारखं केलं. मेमरीत नवीन पात्राला जागाच उरली नव्हती म्हणून मेकनरने प्रिन्सचीच चित्रं जराशी सरकवून स्वतःवरच एक्सॉर करून, म्हणजे जुळणारे ठिपके पुसून नुसती कड ठेवून, तो सावलीवाला उभा केला होता, आरशातून बाहेर येतो तो. आपल्याला आज मेमरीची अडचण नाही, पण ती चमचमणारी कड दुसऱ्या कशाने येतच नाही. शेवटच्या दोन खोल्यांमध्ये प्रतिबिंब एक पाऊल उशिरा चालतं. इतकंच सांगतो.

मूळ गेमवाल्यांच्या परवानगीचं परत परत विचारलं जातं म्हणून लिहितो. एएमटूआर सारखी, निन्टेंडोच्या मेट्रॉइडवरची, दहाएक वर्षं घासून केलेली फॅनगेम ऑगस्ट २०१६ ला आली आणि निन्टेंडोने लगेच डाउनलोड बंद करायला लावले, त्याच महिन्यात पोकेमॉन युरेनियम या फॅनगेमचं पण तेच झालं. हाफ-लाइफवरून केलेल्या ब्लॅक मेसाला मात्र मूळ गेमवाल्या व्हॉल्वने विकायची मुभा दिली. आपलं कसं होईल त्याची वाट बघत बसत नाही, मूळचं एकही चित्र, एकही आवाज आता आत नाही, नावात प्रिन्स नाही, पैसे घ्यायचे नाहीत, आणि एसडीएलपॉप जीपीएल परवान्याखाली आहे, त्यात सोर्स उघडा ठेवावा लागतो, म्हणून सोर्स सगळा देणार.

आवाजाचं काम चालू आहे. दारावरचा म्हातारा पहारेकरी अहिराणीत बोलतो, शिरपूरकडच्या एका नातेवाइकांनी बोलून दिलं, "कथा जाई राह्यना रे भो?", म्हणजे कुठे चाललास रे भाऊ, एवढंच वाक्य त्यांनी अकरा वेळा म्हणलं, आणि नववं घेतलं कारण त्यात मधे त्यांना खरंच धाप लागलेली ऐकू येते.

आठवी लेव्हल उन्हाळ्याआधी उभी करायचीय, मे महिन्यात इकडे ४५ च्या पुढे पारा जातो, तेव्हा लॅपटॉप रात्री बारानंतरच उघडतो. सातवी ज्यांना खेळायचीय त्यांनी सांगा, पण एक अट, जुना कीबोर्ड असेल तर तोच लावा. शिफ्ट आणि दोन बाण एकदम दाबले की काही कीबोर्ड तिसरं बटण खाऊन टाकतात आणि कड सुटते, ते किती जणांकडे होतं ते मला बघायचंय.